ताम्रशासनाचें कडें व डाखाचा सांधा

ताम्रपट हातीं आला म्हणजे संशोधकाची दृष्टि प्रथम अक्षरांकडे धांव घेते. राजा कोण, शक कोणता, दान कोणास दिलें, गांवाच्या चतुःसीमा कोणत्या, हे प्रश्न त्याच्या मनांत उभे राहतात. आणि पत्रे ज्या कड्यांत ओवलेले असतात तें कडें त्यास वाचनाच्या आड येणारी एक अडचण वाटूं लागतें. कडें कापावें, पत्रे मोकळे करावे, ठसे घ्यावे, आणि मग वाटल्यास कडें पुन्हां जोडून ठेवावें, असा क्रम पुष्कळ ठिकाणीं चालत आलेला आहे. प्रस्तुत लेखांत मला एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, कड्याचा सांधा हा शासनाचाच एक भाग असून तोही अक्षरांप्रमाणें वाचावा लागतो. आणि एकदां तो मोडला किंवा नव्यानें झाळला म्हणजे पुन्हां वाचतां येत नाहीं. हें ध्यानांत येण्यास तांबटाच्या विद्येचा थोडासा परिचय पाहिजे. तो मला ग्रंथांत पुरता मिळाला नाहीं. एका तांबटाच्या भट्टीपुढें बसून मिळाला, आणि तोही हातून एक चूक घडली तेव्हां. ती चूक यथाक्रम पुढें सांगेन.

१. परभणीचा ताम्रपट

आमच्या परभणीचें नांव संस्कृत वाङ्मयाच्या इतिहासांत ज्या एका लेखामुळें कायमचें नोंदलें गेलें, तो शके ८८८ (इ. स. ९६६) चा ताम्रपट वाचकांच्या परिचयाचा आहे. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकांत तो प्रसिद्ध झाला. राष्ट्रकूट सम्राट् तिसरा कृष्ण याचा मांडलिक, वेमुलवाडचा चालुक्य राजा तिसरा अरिकेसरी यानें आपला पिता बद्देग यानें बांधविलेल्या शुभधाम जिनालयाच्या जीर्णोद्धारासाठीं व पूजेसाठीं एक गांव सोमदेवसूरीस दिल्याचें त्यांत सांगितलें आहे. हा सोमदेव म्हणजे ‘यशस्तिलक’ व ‘नीतिवाक्यामृत’ यांचा कर्ता. यशस्तिलक शके ८८१ मध्यें पुरें झालें असें ग्रंथकारानेंच लिहून ठेवलें आहे. म्हणजे ताम्रपट त्यानंतर सात वर्षांचा. ग्रंथ व शासन यांचा मेळ इतका जवळचा असावा, हा योग विरळा. कृष्णकांत हंदिकी यांनीं यशस्तिलकावरील आपल्या मोठ्या ग्रंथांत (सोलापूर, १९४९) या ताम्रपटाचा विचार केलेला आहे.

परंतु या मेळांत एक गांठही आहे. सोमदेवाची गुरुपरंपरा सांगतांना यशस्तिलक देवसंघाचें नांव घेतें, तर ताम्रपट गौडसंघाचें. पोथी एक सांगते व तांबें दुसरें. अशा वेळीं कोणाचा शब्द जड धरावा? पोथी शेंकडों वर्षें नकलत आलेली, म्हणून ताम्रपट श्रेष्ठ, असें आपण चटकन् म्हणतों. तथापि ताम्रपटाचें हें श्रेष्ठत्व एका गृहीतावर उभें आहे: तो ज्या दिवशीं राजमुद्रेनें बंद झाला त्या दिवशीं होता तसाच आपल्या हातीं आला आहे, हें तें गृहीत. शिवाय वेमुलवाड परभणीपासून दोनशें किलोमीटरांहून अधिक दूर, आज तेलंगणांत आहे. शासन आपल्या भूमीपासून इतकें दूर सांपडलें म्हणजे त्याच्या बाजूनें बोलणारी सीमा, देऊळ वा गांवकरी जवळ उरत नाहींत. त्याचा साक्षी तें स्वतःच. सदर ताम्रपटाविषयीं मला कोणतीही शंका काढावयाची नाहीं. ताम्रपटाच्या शरीराला एवढें महत्त्व कां, हें त्याच्या उदाहरणानें स्पष्ट होतें, इतकेंच.

२. मुद्रा आणि कडें यांचें प्रयोजन

राजानें भूमिदान कसें लिहून द्यावें हें याज्ञवल्क्यस्मृतीच्या आचाराध्यायांत सांगितलें आहे. वस्त्रावर किंवा ताम्रपटावर पूर्वजांचीं नांवें, स्वतःचें नांव, दानाचें परिमाण व मर्यादा, आपला हस्ताक्षर आणि काल हीं घालून तें आपल्या मुद्रेनें अंकित करावें, असा त्या विधानाचा आशय आहे. उलट मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत खोटें शासन करणाऱ्यास वधाची शिक्षा आहे. एवढी कडक शिक्षा सांगावी लागली, यावरूनच खोट्या शासनांचा धंदा त्या काळींही चालत होता हें उघड होतें. फ्लीटसाहेबांनीं तर कूटलेखांची एक लांबलचक यादीच प्रसिद्ध केली होती.

आतां दक्षिणेंतील ताम्रशासनाची रचना पाहावी. बहुधा दोहोंहून अधिक पत्रे असतात. पहिल्याची व शेवटच्याची बाहेरची बाजू पुष्कळदां कोरी ठेवतात, म्हणजे अक्षरें झिजत नाहींत. प्रत्येक पत्र्यास भोंक असतें, त्यांतून जाड तांब्याचें कडें ओवलेलें असतें, आणि कड्याचीं दोन्ही टोंकें मुद्रेच्या बुडाशीं नेऊन तेथें धातूनें पक्कीं केलेलीं असतात. राष्ट्रकूटांच्या अशा मुद्रांवर गरुड असतो. बंगाल-बिहारकडील पाल राजांची चाल निराळी. तेथें बहुधा एकच मोठा पत्रा असे व मुद्रा त्याच्याच माथ्यावर जोडलेली असे.

दक्षिणेच्या या रचनेंतील मर्म असें कीं, राजमुद्रा पत्र्यांना शिवलेलीसुद्धां नसते. मधल्या पत्र्यावर, जेथें बहुधा गांवाचें नांव, सीमा व प्रतिग्रहीत्याचें गोत्र येतें तेथें, मुद्रेचें कांहींच चिन्ह नाहीं. मुद्रा कड्याला बांधलेली आणि कडें पत्र्यांना. ज्यास मधला पत्रा बदलावयाचा असेल त्यास कडें तोडल्यावांचून गत्यंतर नाहीं, आणि तोडलेलें कडें पुन्हां सांधल्यावांचून तें शासन म्हणून दाखवितां येत नाहीं. राजाज्ञेचें सगळें रक्षण त्या बोटभर सांध्यावर सोंपविलेलें होतें. म्हणूनच फ्लीटसाहेबांसारखे जुने जाणते संपादक ‘आमच्या हातीं आलें तेव्हां कडें कापलेलें होतें’ किंवा ‘नव्हतें’ अशी नोंद लेखाच्या आरंभींच करीत. ती नोंद कोणी आज वाचीत नाहीं.

३. डाख म्हणजे काय

धातूचे दोन तुकडे उष्णतेनें जोडण्याचे तीन प्रकार आहेत. पहिल्यांत दोन्ही तुकड्यांच्या कडाच वितळून एकजीव होतात. दुसऱ्यांत व तिसऱ्यांत मूळ धातु वितळत नाहीं. तिच्याहून लवकर वितळणारी तिसरी धातु फटींत उतरवून थंड होऊं देतात. या तिसऱ्या धातूस कोणी डाख म्हणतात, कोणी झाळ. कथील व शिशाचा मऊ डाख १८३ अंश शतमानास वितळूं लागतो. पितळेचा किंवा चांदीमिश्र कठीण डाख त्याहून पुष्कळ वरचा आहे. तांबें व जस्त निम्मेनिम असलेलें पितळ सुमारें ८८० अंशांस पातळ होतें. ७२ भाग चांदी व २८ भाग तांबें यांचा डाख ७८० अंशांस. शुद्ध तांबें १०८५ अंशांपर्यंत टिकतें. तेव्हां तांब्याचें कडें लाल झालेलें असतांही शाबूत राहतें आणि पितळ मात्र त्यावर पाण्यासारखें धांवतें. आजचे शास्त्रज्ञ ४५० अंशांची रेघ मारून तिच्या खालचा तो मऊ डाख व वरचा तो कठीण असा विभाग करतात.

संस्कृत शिकलेल्या वाचकांस हा भेद व्याकरणाच्या दृष्टांतानें लवकर पटेल. ‘देव’ व ‘आलय’ मिळून ‘देवालय’ होतांना दोन्ही स्वर एकमेकांत विरतात. हा पहिला प्रकार. ‘स्व’ व ‘छंद’ मिळून ‘स्वच्छंद’ होतांना दोन्ही पदें जशींच्या तशीं राहून मध्यें एक वर्ण आगंतुक येतो; हा डाखाचा प्रकार. आणि जो वर्ण बाहेरून आला तो कोठून व कां आला हें ज्याप्रमाणें व्याकरणानें सांगतां येतें, त्याप्रमाणें सांध्यांतील आगंतुक धातु कोणती हें पाहून सांधा कधींचा व कोणाच्या हातचा, याविषयीं पुष्कळ सांगतां येतें.

तांबटाची कृति अशी. ज्या कडा जोडावयाच्या त्या प्रथम कानशीनें लखलखीत घासून काढतात, कारण मळ किंवा गंज असला तर डाख धरत नाहीं. मग त्या अशा बसवितात कीं, मध्यें केसाएवढी फट राहावी. फट मोठी असली तर डाख गळून जातो, मुळींच नसली तर शिरत नाहीं. दिव्याची वात ज्या गुणानें तेल ओढून घेते त्याच गुणानें ही बारीक फट डाख ओढून घेते. नंतर टाकणखार, म्हणजेच सवागी, पाण्यांत कालवून पितळेच्या किसाबरोबर सांध्यावर लिंपतात आणि कोळशांत ठेवून भाता चालवितात. टाकणखार आधीं लाहीसारखा फुगून पांढरा होतो. पुढें सुमारें ७४० अंशांवर त्याची नितळ कांच होते. ही कांच तांब्यावरचा काळा पापुद्रा विरघळविते व वारा लागूं देत नाहीं. तांबें तांबडें-नारिंगी झालें कीं किसाचे कण एकाएकीं चमकून फटींत उतरतात. तोच क्षण साधावयाचा. आंच अधिक राहिली तर पितळेंतील जस्त, जें ९०७ अंशांस उकळतें, पांढऱ्या धुरानें उडून जातें आणि सांधा भुसभुशीत होतो. थंड झाल्यावर उरलेली कांच ठोकून व आंबट पाण्यानें धुऊन काढतात.

याचा नमुना पाहण्यास दूर जावयास नको. घरांत जुना तांब्याचा हंडा किंवा बंब असेल तर त्याचा उभा जोड उजेडांत धरून पाहावा. पत्र्याच्या कडांना दांते पाडून ते एकमेकांत गुंतविलेले असतात, आणि तांबड्या तांब्यांत त्या दांत्यांच्या कडेनें एक पिवळी नागमोडी रेघ गेलेली दिसते. ती पिवळी रेघ म्हणजे डाख.

४. ग्रंथांतील साक्ष आणि तिची मर्यादा

या कारागिरांचीं नांवें संस्कृतांत जुनीं आहेत. अमरकोशांत ‘ताम्रकुट्टक’ आहे, त्यापासूनच आपला ‘तांबट’, ‘कांस्यकारा’पासून ‘कासार’. टाकणखाराचें मूळ ‘टंकण’. त्याचें दुसरें नांव ‘सौभाग्य’, त्यावरून हिंदींतील ‘सुहागा’ व आपली ‘सवागी’. कौटिलीय अर्थशास्त्रांत सोनारांच्या चोरीचे प्रकार सांगतांना जोडकामांत व मुलाम्यांत हलकी धातु कशी दडवितात याचें वर्णन आहे. सांध्याच्या आड खोटें लपतें, हें कौटिल्यास पुरतें ठाऊक होतें.

या विषयावर सर्वांत अधिक दाखला दिला जातो तो छांदोग्योपनिषदाच्या चौथ्या अध्यायाच्या सतराव्या खंडाचा. यज्ञांत घडलेली चूक ब्रह्मा नांवाचा ऋत्विज व्याहृतींनीं कशी सांधतो हें सांगतांना तेथें क्षारानें सोनें, सोन्यानें रुपें, रुप्यानें कथील, कथलानें शिसें, शिशानें लोह व लोहानें लांकूड जोडल्याची उपमा आलेली आहे. शंकराचार्यांनीं पहिल्या ठिकाणीं टंकणादि क्षार असा अर्थ केला आहे, तो यथार्थ होय. परंतु या वचनावरून त्या काळची सारी डाखविद्या उभी करणाऱ्यांनीं थोडें थांबावें. डाख जोडावयाच्या धातूहून आधीं वितळला पाहिजे, हा नियम अटळ आहे. सोनें १०६४ अंशांस वितळतें, रुपें ९६२ अंशांस. मग सोन्याचा डाख रुप्यास कसा लागणार? कथील तर २३२ अंशांसच पातळ होतें. त्यावर रुप्याचा डाख ओतूं गेल्यास कथलाचा मागमूस राहणार नाहीं. शिसें ३२७ अंशांचें असल्यानें कथलानें शिसें जोडणें मात्र खरोखर शक्य. तात्पर्य, ही उपमा मौल्यवान् धातूकडून हलक्या वस्तूकडे उतरत जाणारी एक पायरी आहे. तांबटाची टिपणवही म्हणून ती वाचतां येत नाहीं. जोडकाम व क्षार हीं ऋषीस ठाऊक होतीं, एवढें मात्र तिच्यावरून निश्चित म्हणतां येतें. ग्रंथाची साक्ष भट्टीवर तपासून घेतली म्हणजे तिचें खरें मोल कळतें.

५. सांधा कसा वाचावा

ताम्रपट हातीं येतांच पुढील गोष्टी पाहाव्या. पहिली, कडें अखंड आहे, कापलेलें आहे, कीं कापून पुन्हां जोडलेलें आहे. कड्यास मुद्रेपाशीं एक सांधा असणें स्वाभाविक. दुसऱ्या ठिकाणीं आणखी एक आढळला तर कोणी तरी तें मध्यंतरीं उघडलें होतें असें समजावें. दुसरी, सांध्याचा रंग. पिवळा असल्यास पितळ, करडा-पांढरा व नखानें ओरखडणारा असल्यास कथील-शिसें. तिसरी, मुद्रेचें बूड कड्याच्या टोंकांवर ओतलेलें आहे कीं टोंकें खोबणींत बसवून डाखानें धरलेलीं आहेत. चौथी, सांध्यावरील गंज व पत्र्यांवरील गंज एकसारखा आहे कीं नाहीं. पांचवी, भोंकांच्या कडा झिजलेल्या असून कडें मात्र नवें, किंवा उलट, असा विसंवाद आहे काय.

आजच्या काळीं आणखी एक साधन उपलब्ध आहे. क्ष-किरणांच्या यंत्रानें धातूस न कापतां, न तापवितां सांध्यांतील घटक कळतात. त्यांचा उपयोग असा: कॅडमियम ही धातु १८१७ सालीं प्रथम ओळखली गेली, ती डाखांत आढळली तर सांधा निःसंशय अर्वाचीन. जस्ताचें प्रमाणही बोलकें आहे. जस्ताच्या खनिजाबरोबर तांबें बंद मुशींत तापवून पितळ करण्याच्या जुन्या रीतीनें त्यांत जस्त साधारणतः शेंकडा २८ ते ३० च्या वर जात नाहीं. त्याहून बरेंच अधिक जस्त असलें तर शुद्ध जस्त वेगळें काढून मिसळलें असलें पाहिजे. राजस्थानांतील जावर येथें जस्त ऊर्ध्वपातनानें काढण्याचा उद्योग मध्ययुगांत मोठ्या प्रमाणावर चाललेला होता. तेव्हां दहाव्या शतकाच्या कड्यावर अर्धें जस्त असलेला डाख दिसला तर तो नंतरच्या दुरुस्तीचा असावा अशी शंका घेण्यास जागा आहे.

हीं सर्व प्रमाणें एकाच दिशेनें कितपत नेतात, हेंही सांगितलें पाहिजे. अखंड कड्यानें लेख खरा ठरत नाहीं, कारण कूटलेख करणारा संपूर्ण शासनच नवें घडवूं शकतो. पुन्हां जोडलेल्या कड्यानें लेख खोटा ठरत नाहीं, कारण पत्रे धुण्यासाठीं किंवा ठसे घेण्यासाठीं सद्धेतूनेंही कडीं कापलीं गेलीं आहेत. सांध्यावरून इतकेंच कळतें कीं, हे पत्रे व ही मुद्रा केव्हांपासून एकत्र आहेत. परंतु हें दुसऱ्या कशावरूनही कळत नाहीं.

६. माझी चूक

सुमारें तीस वर्षांपूर्वीं मी परभणी जिल्ह्यांतील एका तालुक्याच्या गांवीं शिक्षक होतों. तेथील एका घराण्यानें आपल्या देवघरांतील दोन पत्र्यांचें ताम्रशासन मजकडे वाचण्यास आणलें. मुद्रा कड्यापासून सुटलेली असून ती दोऱ्यानें बांधून ठेवलेली होती. अक्षरें वाचण्याच्या उत्साहांत मीं त्यांस म्हणालों, कीं अशी मुद्रा एखादे दिवशीं हरवेल, ती जोडून घेऊं. आम्ही मिळून बाजारांतील एका वृद्ध तांबटाकडे गेलों. त्यानें कडें हातांत घेतलें, उलटसुलट फिरविलें, आणि विचारलें, “गुरुजी, जुना सांधा घासल्याबिगर नवा धरत न्हाई. घासू का?”

मीं “घासा” म्हणालों.

त्यानें कानस फिरविली. कीस खालीं सांडला, पायानें पुसला गेला. सांधा उत्तम झाला; आजही तो हलत नाहीं. पुढें दोन वर्षांनीं माझें वाचन पुरें झालें, तेव्हां मुद्रेवरील चिन्ह व लेखांतील राजाचें घराणें यांचा मेळ बसेना. एका जाणत्या मित्रानें विचारलें, ही मुद्रा मुळांत याच कड्याची होती काय? जुना डाख कोणता होता? पितळेचा असता तर मुद्रा व कडें पूर्वापार एकत्र असण्याचा संभव होता. कथलाचा असता तर अलीकडे कोणी तरी परकी मुद्रा चिकटविली असावी असें म्हणतां आलें असतें. मीं आठवूं लागलों. कीस पिवळा होता कीं पांढरा, एवढेंही मीं पाहिलेलें नव्हतें. तांबट तोंवर वारला होता. भट्टीच्या आंचेनें कड्याजवळच्या पत्र्यावरील हिरवा थर जाऊन तेथें काळा पापुद्रा आला होता, आणि टाकणखाराची कांच दोन अक्षरांच्या खोबणींत बसली होती.

तें शासन अद्याप अप्रसिद्ध आहे. तें खोटें आहे असें म्हणण्याचा मला अधिकार नाहीं, व खरें आहे असें म्हणण्याचें साधन मीं माझ्याच हातानें घालविलें. त्या घराण्यानें मला कधीं बोल लावला नाहीं. यजमान आजही भेटले म्हणजे सांधा किती मजबूत झाला तें कौतुकानें सांगतात. पण त्या तांबटानें मला विचारलें होतें, हें मला विसरतां येत नाहीं. त्यास वाचतां येत नव्हतें, पण आपण काय पुसून टाकीत आहों हें त्यास ठाऊक होतें.

७. संग्राहकांस विनंती

यावरून संग्राहकांस माझी एवढीच विनंती आहे. सुटलेली मुद्रा सुटलेलीच राहूं द्यावी; सुती दोऱ्यानें सैल बांधून पत्र्यांबरोबर एकाच पेटींत ठेवावी. कडें अखंड असेल तर तें कापूं नये. पत्रे कड्यांतच उलटून बहुतेक सर्व मजकूर वाचतां येतो व छायाचित्रें घेतां येतात. ठशांचें काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या म्हैसूर येथील पुराभिलेख शाखेसारख्या जाणत्या हातीं सोंपवावें. पत्र्यास चिंच, राख किंवा लिंबू लावूं नये, आणि कोणत्याही निमित्तानें आंच दाखवूं नये. कड्याची जाडी, व्यास, भोंकाचें माप, मुद्रेचें वजन व सांध्याचा रंग यांची नोंद आजच वहींत करून तारीख घालावी. पोथीच्या बाबतींत तिचें बंधन, पानांचीं भोंकें व दोऱ्याचा वण आपण जपतों. ताम्रपटाच्या कड्यासही तोच न्याय लावावा.

ज्यांच्या संग्रहांत अशीं कडीं असतील त्यांनीं सांध्याचें वर्णन मंडळाकडे पाठविल्यास, मराठवाड्यांतील ताम्रशासनांच्या सांध्यांची एक याडी तयार करण्याचा माझा विचार आहे. तिच्यांत पहिली नोंद माझ्या त्या दोन पत्र्यांची राहील, आणि सांध्याच्या रकान्यांत ‘घासून टाकला’ एवढेंच लिहिलेलें असेल.